अण्णांचा बोरान

"ताई, पोरगी लय शांत हे. इतकं शांत बरं नाय," भाजीवाल्या भागीबाई मेथी मोजून देताना म्हणाल्या.

"गुणी आहे हो आमची वेदिका. कुकरच्या शिट्टीनंसुद्धा उठत नाही," मी म्हटलं, आणि भागीबाईंची दृष्ट लागायला नको म्हणून त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

गेल्या उन्हाळ्यातली, म्हणजे २००३ची गोष्ट. वेदिका आठ महिन्यांची. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शांत अशी ती एकटीच. माझे सासरे, म्हणजे दीपकचे वडील अण्णा, एका कॉन्व्हेंट शाळेत हेडक्लार्क होते. मायदेशी परतणाऱ्या आयरिश सिस्टरने जाताना त्यांना आपला डफ दिला. डफ एक वेळ परवडला, पण त्याचं व्याकरण! गॅसवालासुद्धा ते ऐकल्याशिवाय सुटायचा नाही.

"लिहायचं बोध्रान, म्हणायचं बोरान. मूळ शब्द बोधर, म्हणजे बहिरा. आपल्या 'बधिर'चा सख्खा भाऊ! आवाज दबका, म्हणून हे नाव, असं म्हणतात."

"अण्णा, वेदिका झोपलीय."

"पुल्लिंगी आहे. अनेकवचनात शेवटचा न जरा—"

"अण्णा! दूध उतू चाललंय, दीपकचा डबा व्हायचाय, आणि तुमचं अनेकवचन काय घेऊन बसलात?"

"बी.ए. झालीस ना तू? शब्दांची काही गोडी?"

"आधी ते पाळण्यापासून लांब न्या."

झालं, रुसले. हट्टाने पाळण्याशीच उभे राहिले आणि दांडक्याने असं काही बडवलं की खालच्या मंगलाबाई ओरडल्या, "ओ अण्णा, भिंत पाडता का काय?"

मी तणतणत धावले. आता ही तासभर रडणार!

वेदिका झोपली होती. गालाशी मूठ, तशीच.

अण्णांनी पुन्हा वाजवलं, अगदी तिच्या कानाशी. मग माझ्याकडे पाहिलं.

"परत वाजवा," मी म्हणाले.

त्यांचा हात उठेना.

आता तिला कानाचं मशीन आहे. ती ते उपटून फेकते, मी परत बसवते, दिवसभर हेच. नुसता वैताग. परवा दीपकच्या मित्राने भिंतीवर टांगलेल्या त्या वाद्याकडे बोट दाखवून विचारलं, "अण्णा, ह्याला काय म्हणतात?"

माझा हात कपबशीवरच थांबला.

"डफच," अण्णा म्हणाले. "तिकडचा."

तुमच्या घरात, शेजारी, कुणाकडे असं कौतुकाचं बाळ असेल तर एवढं करा. त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहा आणि हाक मारा. आजच मारा.