कोरीन, किल्ली!

आमच्या गल्लीत आभाळ भरून आलं की पहिली हाक मिस अर्नेस्टीनची असते. सत्तरी ओलांडलेली बाई, पण घराघराच्या दारावर अशी थाप मारते की मी, गल्लीच्या गवंड्यानं, लावलेला गिलावा हादरतो. "उठा रे, गाड्या हलवा!" न्यू ऑर्लिन्समध्ये पाऊस पडून जात नाही, मुक्कामाला येतो. शहराचं पाणी उपसणारे पंप दमले की रस्त्यात गुडघाभर पाणी, आणि आमच्या कोपऱ्यावर तर कमरेइतकं. म्हणून सगळी गल्ली आपापल्या गाड्या मोठ्या रस्त्याच्या मधल्या उंच हिरवळीवर नेऊन लावते. एरवी तिथं गाडी लावली तर दंड, पण पावसात पोलीसही काही बोलत नाहीत.

गेली तीन वर्षं त्या हाकेच्या मागोमाग दुसरी हाक यायची. समोरच्या ओट्यावरून, वरच्या खिडकीतून, कुठूनही. "कोरीन, किल्ली!" आणि मग सगळी गल्ली हसायची.

कोरीन माझी मुलगी. तीही हसायची. गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या घराच्या किल्ल्या वर करून दाखवायची, "ही बघा, आहे!" तीन वर्षं ती दोरी तिनं गळ्यातून काढली नव्हती. आंघोळीलाही नाही, असं मिस अर्नेस्टीन म्हणायची. मीही हसायचो. हे लिहिताना कानशिलं तापताहेत, पण हसायचो हे खरं आहे.

यंदा कोरीनला तळ्यापलीकडच्या इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी लागली. जायचं म्हणजे तळ्यावरचा चोवीस मैलांचा पूल रोज दोनदा ओलांडायचा. बस नाही, काही नाही. गाडी हवीच. पोरीनं शिकता शिकता दोन वर्षं बेकरीत पहाटेची पाळी करून पैसे साठवले होते. मी म्हटलं, मी थोडे घालतो. तर म्हणाली, "नको डॅडी. तुमचा एक डॉलरही नको." का ते विचारायची माझी छाती झाली नाही, कारण मला ठाऊक होतं.

एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "एक गाडी बघितलीये. फक्त बघायला चला. मत विचारत नाहीये."

"मग मला कशाला नेतेस?"

"तुम्ही टायरला लाथ मारायला. प्रत्येक गाडी बघताना कुणीतरी टायरला लाथ मारावी लागते ना."

हायवेला लागून टिल्मन नावाच्या माणसाचं आवार होतं. पंधरा-वीस गाड्या, प्रत्येक काचेवर साबणानं लिहिलेली किंमत. टिल्मन लाघवी माणूस. आल्या आल्या माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "मिस्टर ऑरेल, मुलगी मोठी हुशार हो तुमची. मला घाम फोडला तिनं."

गाडी राखाडी होती, चार दारांची. किंमत बाजारभावाच्या निम्मी, कारण मालकीच्या कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का होता. म्हणजे विमा कंपनीनं एकदा भंगारात काढलेली आणि मग कुणीतरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणलेली गाडी.

"भंगारात का निघाली होती?" मी विचारलं.

"गारा," टिल्मन म्हणाला. "टपावर नुसते खड्डे. विमावाल्यांना काय, हिशेब बसला नाही की टाक भंगारात. इंजिनाला धक्कासुद्धा नाही."

कोरीननं कागदांचा गठ्ठाच काढला. "मी मेकॅनिकला दाखवलीये, डॅडी. इंजिन चांगलंय, ब्रेक चांगलेत. जुनी नोंदही काढली. तिच्यात कारण लिहिलेलं नाही, फक्त शिक्का आहे. पण बिघाड कुठं आहे सांगा ना!"

मी टायरला लाथ मारली. ती हसली. मग गाडीभोवती चक्कर मारून, काहीतरी करायचं म्हणून मी डिकी उघडली, चटई उचलली आणि जादा चाकावरचं झाकण वर केलं.

चाकाच्या खळग्यात, डाव्या कडेला, पांढरा गिलावा घट्ट चिकटून बसला होता. तळहाताएवढा. त्याच्या मधोमध जॅकचा ठसा.

तो गिलावा माझा होता. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराचं छत करून येताना माझी बादली डिकीत कलंडली होती. मी छिन्नी घेऊन बसलो, जॅक सोडवला, पण तेवढा तुकडा काही निघाला नाही. आपल्या हाताचा माल माणूस ओळखतो. गाडी तेव्हा हिरवी होती. झाकणाच्या खाली, रंगाची पिचकारी पोचली नव्हती तिथं, अजूनही हिरवीच होती.

मी झाकण टाकलं. चटई सारखी केली.

आता ते सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, दुपारी, आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मिस अर्नेस्टीन दारावर थापा मारत निघाली. सगळी गल्ली गाड्या हलवायला धावली. माझी हिरवी गाडी कोपऱ्यावर उभी होती, सगळ्यात खोल जागी. तिचा गिअरबॉक्स मरायला टेकला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. पण विमा पुरता होता, पुराचासुद्धा. मी ओट्यावर उभा राहून ते पाणी बघत होतो आणि कामाच्या विजारीच्या खिशात, थापीच्या शेजारी, किल्ली होती. मी काही ठरवलं नाही. मी फक्त म्हटलं, "किल्ली सापडत नाहीये."

मिस अर्नेस्टीन भिजत उभी. "शेवटी गाडी कुणी नेली होती?"

"कोरीननं," मी म्हटलं. सकाळी तिनं दुकानातून दूध आणलं होतं, ते खरंच.

कोरीन तेव्हा एकोणीस वर्षांची. ती म्हणाली, "डॅडी, मी आल्या आल्या तुमच्या हातात दिली ना!"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "नाही गं बाळा. दिली नाहीस."

त्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मी अजून विसरलेलो नाही. तिनं स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून खरं काय ते मीच सांगत आलो होतो. ती घरभर शोधत सुटली. गाद्या उलटल्या, फ्रिज सरकवला. मिस अर्नेस्टीनही मदतीला आली. बाहेर पाणी चढत होतं, आणि पोरगी मागच्या अंगणात भर पावसात कचऱ्याचे डबे हातांनी उपसत रडत होती. मी दारात उभा राहून म्हणत होतो, "असू दे गं, असू दे." गाडी स्टिअरिंगपर्यंत दोन दिवस पाण्यात राहिली. विमावाल्यांना मी सांगितलं, किल्ली एकच होती, ती हरवली; त्यांनी त्याच कुलपाची नवी बनवून घेतली. महिन्याभरात विम्याच्या पैशातून मी ट्रक घेतला.

विमा कंपनीला फसवलं याची मला फारशी लाज नाही, खोटं कशाला बोलू. ती कंपनी माझ्यावाचून उपाशी मेली नसती. लाज त्या "दिली नाहीस"ची. किल्ली फेकून द्यायला मी दोनदा तळ्यावर गेलो आणि दोन्हीदा परत घेऊन आलो. ट्रकमधल्या हत्यारांच्या पेटीत, खिळ्यांच्या डब्यात, तळाशी ती पडून होती.

आणि आता माझी मुलगी तीच गाडी विकत घेत होती. दोन दिवस बुडालेली. अशा गाडीच्या तारा आतून कुजत जातात. वरून कळत नाही, मेकॅनिकलाही लगेच कळत नाही. मग एक दिवस सगळं एकदम बंद पडतं. अपघात झाला तर एअरबॅगही उघडेल याचा भरवसा नाही. आणि हिचा रस्ता चोवीस मैल पाण्यावरचा.

"रंग काही बरा नाही," मी म्हटलं.

"राखाडी आहे डॅडी, राखाडीत काय बरं-वाईट!"

"टायर झिजलेत."

"नवे आहेत. आताच लाथ मारलीत."

टिल्मन मोठ्यानं हसला. मला त्याच्या नरड्यावर थापी ठेवावीशी वाटली. पण गारांची थाप मारणारा तो एकटाच खोटारडा थोडाच होता तिथं.

"घाई नको," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी..."

"सोमवारपासून नोकरी आहे माझी!" ती जरा चिडली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "डॅडी, मला कळतंय तुम्हाला काळजी वाटते. पण ऐका. तुमची गाडी माझ्या वेंधळेपणानं बुडाली. तुम्ही एका शब्दानं कधी बोलला नाहीत. लोक चिडवतात, तेव्हासुद्धा तुम्ही म्हणता, जाऊ द्या, पोर होती. म्हणून ही मला माझ्या पैशानं घ्यायचीये. आणि हिची किल्ली मी मरेपर्यंत हरवणार नाही." तिनं गळ्यातली दोरी धरून दाखवली आणि पाकीट काढायला पर्समध्ये हात घातला.

तरीही, सांगतो, एक क्षण मनात आलं की घेऊ दे. चालतेय की गाडी. कदाचित चालत राहील. महिन्याभरानं मीच एखाद्या विजेच्या मेकॅनिकला दाखवीन, काहीतरी निमित्त काढून विकायला लावीन. इतका नीच विचार मी त्या उन्हात उभा राहून अगदी शांतपणे करत होतो.

टिल्मननं कागद गाडीच्या बॉनेटवर पसरले. तिनं पेन उचललं.

मी ट्रककडे चालू लागलो. हत्यारांची पेटी उघडली. खिळे ओतले. किल्ली हिरव्या रबरी टोपीची, टोपीवर अजून गिलाव्याचा ठिपका.

"डॅडी, सही कुठं करायची बघा ना जरा," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारून गेलो, चालकाच्या दाराशी वाकलो आणि किल्ली कुलपात घातली. जरा अडखळली. मग फिरली. दार खट्कन उघडलं.

टिल्मन म्हणाला, "अहो, तुमच्याकडे कुठून..." आणि थांबला.

कोरीन किल्लीकडे बघत होती. ती किल्ली तिनं ओळखली, कारण तिनं ती तासभर कचऱ्यात शोधली होती. मग गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दोन दिवस पाण्यात होती," मी म्हटलं. "घेऊ नकोस."

"मी दिली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या हातात दिली होती. मला आठवत होतं, डॅडी. मला सगळं आठवत होतं."

"हो बाळा."

"बाळा म्हणू नका."

तिनं पेन बॉनेटवर ठेवलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं. टिल्मन गारांबद्दल, आधीच्या मालकाबद्दल काहीतरी पुटपुटत राहिला. त्याच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. मी माफी मागितली.  गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, "मिस अर्नेस्टीनला तुम्ही सांगायचं. मी नाही."

मिस अर्नेस्टीन ओट्यावर भेंडी चिरत बसली होती. शेजारी दोन बायका. आम्हाला रिकाम्या हातानं उतरताना बघून ओरडली, "काय गं, गाडी कुठंय? का तिचीही किल्ली हरवलीस?" बायका हसल्या.

कोरीन ट्रकपाशीच हाताची घडी घालून उभी राहिली.

मी ओट्याच्या पायरीशी गेलो. टोपी काढली. किल्ली तळहातावर ठेवून पुढं केली. "त्या दिवशी ही माझ्या खिशात होती, मिस अर्नेस्टीन. तिनं मला दिली होती. मी खोटं बोललो."

मिस अर्नेस्टीननं किल्लीकडे खूप वेळ बघितलं. मी वाट बघत होतो, बाई आता भेंडीसकट पातेलं डोक्यात घालेल. तिनं सुरी खाली ठेवली, उठली, माझ्या बाजूनं पायऱ्या उतरली आणि कोरीनपाशी गेली. "मी तुला वेंधळी म्हटलं," म्हणाली. "तीन वर्षं म्हटलं गं माझ्या राजा." कोरीन तेव्हा रडली. मी जवळ जायला निघालो तर मिस अर्नेस्टीननं मागं न वळता हात वर केला. "तू घरी जा, ऑरेल."

मी घरी गेलो.

सोमवारपासून कोरीन माझा ट्रक नेते. "गाडी मिळेपर्यंत," म्हणते. मी थापी आणि बादली घेऊन बसनं कामाला जातो. संध्याकाळी ती किल्ली माझ्या हातात देत नाही. दाराशेजारी तिनं एक खिळा ठोकलाय, त्यावर लावते आणि मोठ्यानं सांगते, "किल्ली खिळ्यावर लावली." रोज सांगते.

परवा सुटीच्या दिवशी आभाळ भरून आलं. दारावर थाप पडली. "गाडी हलव, ऑरेल." मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाहेर आलो. सगळी गल्ली गाड्यांपाशी होती. मी ट्रकचं दार उघडून उभा राहिलो. समोरच्या ओट्यावर माणसं होती, वरच्या खिडकीत माणसं होती. कुणीतरी ओरडावं, "ऑरेल, किल्ली!" आणि सगळ्यांनी हसावं, याची मी वाट बघत होतो. पावसाचे थेंब टपावर वाजायला लागले. कुणी ओरडलं नाही. मी ट्रक सुरू केला आणि हिरवळीवर नेऊन लावला.