पाहुण्यांचं पाणी

पाणी यायच्या आधी नळ खोकायचा. दोन-तीन उबळी, मग एक पिवळट गुळणी, आणि मग कुठे धार धरायची. ती गुळणी मोरीत जाऊ द्यायची आणि मगच बादली सरकवायची, अशी काकूंची रीत. तेवढ्याने पाणी शुद्ध झालं, असं त्या समजत. सगळी गल्ली तसंच समजत होती. रस्ता खोदून केबल टाकली गेली तेव्हापासूनचं हे दुखणं. केबलवाले गेले, खड्डा बुजला, आणि गटाराला खेटून जाणाऱ्या पाइपाचं खाली काय झालं हे बघायला कोणी वाकलं नाही.

काकू म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं, आणि गावाच्या पाणी समितीवर ते सभासद होते. दोन्ही कामं ते सारख्याच आत्मविश्वासाने करत. फरक एवढाच, की दुकानात ते समोरच्याला अक्षरं वाचायला लावत आणि समितीत स्वतः न वाचता सही करत.

घरात पाण्याचा फिल्टर होता. ओट्यावरच्या भिंतीला टांगलेला, वर काकूंनी शिवलेलं झालरीचं झाकण. दिसायला राजा, कामाला कूर्मगती. दिवसभर ठिबकून ठिबकून त्याची टाकी जेमतेम भरायची. मग हे पाणी कुणी प्यायचं, हा प्रश्न आला. त्यावर कोणी बसून निर्णय घेतला नाही. घरात जे जसं ठरत आलं होतं तसंच हेही ठरलं. आधी चष्मेवाले आणि त्यांचा मुलगा. मग पाहुणे. मग दुकानाचा कॅन, कारण नळाच्या पाण्याने काचा धुतल्या तर वाळल्यावर त्यांच्यावर पांढुरके डाग राहत आणि गिऱ्हाईक कुरकुर करी. त्यातून उरलं तर बायकांना. ते उरत नसे.

"बायकांना चालतं," असं गल्लीतल्या प्रत्येक घरात म्हणत. हे बायकाच जास्त म्हणत, आणि जरा ताठ मानेने म्हणत. काकूही त्यातल्याच. आपण नळाचं पितो आणि ठणठणीत आहोत, याचा त्यांना अभिमान होता.

सून आली ती बोटांनी चपळ आणि जिभेनेही. वर्षभरात तिने फ्रेममध्ये काचा बसवायचं काम असं उचललं, की मुलगा दुकानातलं अर्धं काम घरी पाठवू लागला. खिडकीपाशी तिचं टेबल असे. तिळाएवढे स्क्रू, बारीक पेचकस, मऊ फडकी, आणि फिल्टरच्या पाण्याने भरलेला वाडगा. काच त्या वाडग्यात बुडवायची, उजेडात धरायची, पुसायची. तहान लागली की उठायचं, आत जाऊन नळाच्या पाण्याच्या पिंपात पेला बुडवायचा, घटाघटा पिऊन परत खिडकीत.

"आई, या काचा आपल्यापेक्षा नशीबवान आहेत," ती एकदा वाडग्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"काचा गिऱ्हाइकाच्या आहेत. तू आमची आहेस," काकू म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

तिला दिवस गेले. पोट दिसू लागलं तेव्हापासून तिचं नाक तिखट झालं होतं.

"आई, पाण्याला वास येतोय. ओल्या फडक्यासारखा."

"तुला सध्या सगळ्यालाच वास येतो. काल साबणालासुद्धा येत होता."

"साबणाला साबणाचा येत होता हो. पाण्याला पाण्याचा यायला नको का?"

"आमची दोन्ही बाळंतपणं याच नळावर झाली."

"तेव्हा तो खोकत नव्हता ना पण. उकळून घेऊ का मी?"

"घे की. शेगडी मोकळी कधी असते तेवढं मलाही सांग म्हणजे झालं."

शेगडीवर सकाळचा चहा, मग आंघोळीचं पाणी, मग दुकानाचा डबा, मग परत चहा. तिने काही दिवस उकळलं, मग एक दिवस राहिलं, मग राहूनच गेलं. गावात याला आळस म्हणतात. पण दिवसभर एका कामामागे दुसरं काम लावणाऱ्या घराला काय म्हणतात, ते अजून कोणी ठरवलेलं नाही.

तिने जेवताना सासऱ्यांपुढेही विषय काढून पाहिला.

"समितीने बघितलंय सगळं," चष्मेवाले म्हणाले. "पाणी उत्तम आहे."

"कुणी पिऊन बघितलं का, बाबा?"

"मी रोज पितो. मला काही झालंय का?"

आणि ते खोटं बोलत नव्हते. पाणी समोर येई, ते पीत. ते नळातून येतं की फिल्टरमधून, हे विचारायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. समितीतले बाकीचे सभासदही आपापल्या घरी असंच पीत होते आणि पाणी उत्तम आहे असं एकमताने म्हणत होते. काकूंनी नवऱ्याच्या पानात आणखी भात वाढला आणि विषय तिथेच मिटवला.

काकू दुष्ट नव्हत्या. पुरुष दुकानात असले की कधीमधी त्या फिल्टरखाली पेला धरून सुनेला हाक मारत. "पी पटकन." जणू दोघी मिळून शेजारचं काही उचलत होत्या. पण कॅन भरायचा असला की तेवढंही जमत नसे. गिऱ्हाइकाच्या काचेवर डाग पडला तर लगेच दिसतो.

सातवा महिना लागला आणि सुनेचं अन्नावरचं मन उडालं. उलट्या होऊ लागल्या. पोटुशीला असं होतंच, म्हणून काकूंनी लिंबू चिरून दिलं. बाप-लेक दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारे, पण घरातल्या डोळ्यांकडे कुणाची नजर गेली नाही. दारात उभी राहून दूध मोजणारी दूधवालीच म्हणाली, "काकू, सूनबाईंचे डोळे बघितले का? हळदीसारखे झालेत."

मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिने सुनेला तपासलं आणि तिचा चेहरा एकदम वयस्कर झाला.

"कावीळ आहे. खराब पाण्यातून होते ती. मला झाली तर महिनाभरात मी उठून कामाला लागेन, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावरच बेतते. घरी पाणी कुठलं पिता?"

"फिल्टरचं," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात तेव्हाही थोडी ऐट होती.

डॉक्टरीण काकूंकडे वळली. "ही पण? ही काय प्यायची?"

काकूंनी तोंड उघडलं. बाकावर मुलगा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, बायकोच्या चपलांकडे बघत. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही. त्याचं उत्तर मुलासमोर द्यावं लागलं असतं. नवरा शेजारी उभा होता, आणि तो एकदा बोलून गेला होता. लग्न झाल्यापासून चारचौघांत नवऱ्याचं बोलणं त्यांनी कधी खोडलं नव्हतं. आजच खोडायचं, तर त्यासाठी लागणारी जीभ त्यांच्यापाशी नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "सगळे तेच पितो."

"मग बाहेर कुठे प्यायली असेल," डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. सून चार महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

उशाशी सीलबंद बाटल्यांची रांग लागली. मुलगा दर थोड्या वेळाने चमचा तिच्या ओठांना लावे आणि पाणी हनुवटीवरून ओघळे. शेवटी शेवटी ती माणसं ओळखेनाशी झाली. काकूंचा हात धरून विचारत होती, "काच कोरडी झाली का? बघा ना, डाग नाही ना राहिला?"

"नाही गं," काकू म्हणत. "स्वच्छ आहे."

ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

घरातलं माणूस गेल्यावर चष्मेवाले खचले, हे खरंच. पण समितीची बैठक ठरलेल्या वेळीच होती, आणि गल्लीने पाण्याची तक्रार केली होती. बैठकीतून ते परतले ते डोळे पुसतच.

"सगळ्यांनी फार हळहळ केली," ते म्हणाले. "आणि तक्रार निकालात निघाली. आपल्याच घरचं उदाहरण दिलं अध्यक्षांनी. फिल्टर असलेल्या घरात कावीळ झाली, म्हणजे नळाच्या पाण्याचा काही संबंध नाही."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला.

"ती नळाचं प्यायची," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ती. मी पण. गल्लीतल्या सगळ्याच."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "मग दवाखान्यात का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलून गेला होतात."

"मला काय ठाऊक? घरात फिल्टर असताना नळाचं कशाला प्यायचं माणसाने?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते इतकं मोठं होतं की कुठल्या टोकाने उचलावं ते काकूंना कळेना. "आता तरी जाऊन सांगा त्यांना," एवढंच त्या म्हणाल्या.

"काय सांगू? माझ्या घरात काय पितात ते मलाच माहीत नव्हतं, असं? चारचौघांत?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि गेलेली काय परत येणार आहे?"

मग काकूच बाहेर पडल्या. बेकरीवाल्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून आधी त्यांच्याकडे गेल्या. नळाचं पाणी तिला देऊ नका म्हणाल्या. बेकरीवालीण डोळ्यांना पदर लावून सगळं ऐकत होती.

"नाही हो काकू. तिला आम्ही फिल्टरचंच देतो," ती म्हणाली. "उरलं की."

काकू आणखी दोन घरी गेल्या. तिथेही चहा झाला, हळहळ झाली, मान डोलावली गेली. मग त्यांनी जायचं सोडलं. स्वतः मात्र नळाचंच पीत राहिल्या. त्याने काय सिद्ध होतं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वर्ष सरत आलं आणि मुलासाठी स्थळं येऊ लागली. पहिलीच मंडळी आली ती साधी, मोकळी. बाप छापखान्यात कामाला, आई गप्पिष्ट, आणि मुलगी दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेली. खिडकीपाशी टेबल तसंच होतं. तिला तेही दाखवून झालं. "काम शिकेल ना?" असं चष्मेवाल्यांनी विचारलं, आणि "हाताला फार वळण आहे तिच्या," असं आईने सांगितलं.

काकूंनी ट्रेमध्ये फिल्टरच्या पाण्याचे पेले भरून आणले. मोठ्यांना दिले. मुलीसमोर ट्रे धरला, तिने पेला उचलला, पण काकू पुढे सरकल्या नाहीत.

"हे फिल्टरचं आहे," त्या मुलीला म्हणाल्या. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "आज तू पाहुणी आहेस म्हणून मिळतंय. सून झालीस की मिळणार नाही. या घरात बायका नळाचं पितात, आणि नळात घाण येते. आधीची त्यानेच गेली. बाहेरचं काही प्यायली नव्हती ती. दवाखान्यात मी खोटं बोलले."

चष्मेवाले खाकरले. मुलाने मान वर करून आईकडे पाहिलं. ही गोष्ट तो आज पहिल्यांदा ऐकत होता. त्याचा पेला हातातच राहिला. काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. आता ही मंडळी उठतील, चपला घालतील आणि जातील. त्यांनी जावं म्हणूनच तर हे बोलले, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

मुलीच्या आईने सुटकेचा श्वास टाकला आणि काकूंच्या मनगटावर हात ठेवला.

"एवढंच ना? मी मेली घाबरलेच, म्हटलं काय सांगतात आता. आमच्याकडेही तसंच आहे हो. यांना आणि हिच्या भावाला पुरता पुरत नाही फिल्टर. तिला सवय आहे."

"कसलीच कटकट नसते तिची," बाप कौतुकाने म्हणाला.

चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि तारखेचं बोलणं काढलं.

मुलीने एव्हाना पेला संपवला होता. एका दमात, तळापर्यंत. मग तिने आईच्या हातातल्या भरल्या पेल्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आई, तुला नको असेल तर तुझं मी घेऊ?"