चौऱ्याऐंशीवी चिठ्ठी

दार उघडणारा माणूस आधी तुमचे कपडे बघतो, मग शेजारच्या खिडकीकडे बघतो आणि मग मत सांगतो. ते मत बहुतेक वेळा तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच असतं. सर्वेक्षणाच्या अकरा वर्षांच्या नोकरीत तिला एवढं तरी कळलं होतं. म्हणून तर तिच्या कार्यालयाने पेटी काढली. पत्र्याची, कुलूप लावलेली, वर चिठ्ठीपुरती फट. दारात उभं राहायचं, छापील चिठ्ठी आणि पेन्सिल द्यायची, पाठ फिरवायची आणि रस्त्याकडे बघायचं. मागे माणूस खूण करतो, घडी घालतो, आत टाकतो. चिठ्ठीवर नाव नाही की घराचा नंबर नाही. चिठ्ठी कुणाची हे ओळखायचा प्रयत्न करायचा नाही आणि मान वळवायची नाही, हा नियम ती इतका कडक पाळायची की गल्लीने तिचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं. सगळ्यांसाठी ती पेटीवाली.

यंदाच्या निवडणुकीत उमेदवार म्हणण्यासारखे दोनच होते. एक वकीलबाई आणि दुसरा कापड रंगवण्याच्या कारखान्याचा मालक. त्याला कुणी नावाने ओळखतच नसे, नुसतं कारखानदार म्हटलं की पुरे. महिन्याभरापूर्वी पेटीची पहिली फेरी झाली तेव्हा त्र्याऐंशी चिठ्ठ्यांपैकी बावन्न त्याच्या निघाल्या होत्या. त्याच्या कारखान्यातला बॉयलर फुटून एक कामगार गेला होता, त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते, तरीही बावन्न. लोकांचं म्हणणं सरळ होतं. मालक काय बॉयलरजवळ उभा असतो का? डुलकी लागली असेल बॉयलरवाल्याला.

तो बॉयलरवाला म्हणजे पेटीवालीचे वडील, अण्णा. त्या स्फोटात त्यांचा डावा कान कायमचा गेला. जे लोक अण्णांच्या नावाने बोटं मोडत होते, त्यांच्याच दारात ती पेटी घेऊन उभी राहिली होती. चेहरा लाकडाचा आणि पोटात आग. समोरच्या घरातली काकू, म्हणजे जो गेला त्याची बायको, तर तिच्याशी महिनाभर शब्द बोलली नव्हती. चिठ्ठी घ्यायची, टाकायची, दार लावायचं.

मग तीन आठवड्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरचा कागद शोधताना तिला अण्णांच्या ट्रंकेत, जुन्या स्वेटरखाली, बॉयलरचं रजिस्टर सापडलं. शेवटच्या पानावर त्याच दिवसाची तारीख आणि खाली अण्णांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. मालकांना सांगितलं. बांधून चालवा म्हणाले.’

तिला अक्षरशः रडू कोसळलं. अण्णा बाहेर गेले होते. ते येईपर्यंत थांबायला तिला धीर नव्हता. त्यांना विचारलं असतं तर मालकाच्या धाकाने त्यांनी रजिस्टर पुन्हा लपवलं असतं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि तडक तपास अधिकाऱ्याचं टेबल गाठलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी अण्णांना बोलावून ती ओळ दाखवली. अण्णांनी नुसती मान डोलावली. घाबरलाय बिचारा, असंच सगळे म्हणाले. दहा दिवसांत कारखानदारावर सदोष मनुष्यवधाचं आरोपपत्र दाखल झालं. मला कुणी काहीही सांगितलं नव्हतं, असं तो घसा कोरडा पडेस्तोवर सांगत राहिला. आरोपी आणखी काय म्हणणार?

सारं गाव हादरलं. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस तसाच उठून वर्तमानपत्र वाचायला गेला म्हणतात. किराणावाल्याने काचेवरचं कारखानदाराचं चित्र ओल्या फडक्याने खरवडून काढलं. आणि काकू रस्ता ओलांडून आली, पेटीवालीचे दोन्ही हात धरले, तुझ्या वडलांवर मी नाही नाही ते आळ घेतले म्हणून ढसाढसा रडली. पुढच्या आठवड्यात वकीलबाईंच्या सभेत काकू व्यासपीठावर चढली तेव्हा मैदान चिडीचूप झालं होतं.

आज दुसरी फेरी संपली. मतदान परवावर आलं होतं. भर दुपारी कार्यालयाच्या लांब टेबलावर पेटी पालथी झाली आणि पेटीवाली आणि तिची जोडीदारीण, जाड चष्म्याची, चिठ्ठ्या उलगडायला बसल्या. जोडीदारणीने कारखानदाराचा गठ्ठा मोजला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजला.

सतरा.

आतल्या खोलीतून साहेब आले. इतक्या वर्षांत एवढी मोठी घसरगुंडी त्यांनी पाहिली नव्हती. एका ओळीने माणूस असा साफ होतो, असं म्हणत ते टेबलाच्या कडेवर टेकले ते टेकलेच. पेटीवालीने गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला होता. नुसता आनंद नाही, सूड उगवल्याचा आनंद.

साहेबांचं लक्ष मात्र आकड्यांवर. मागच्या वेळी त्र्याऐंशी होत्या, आज चौऱ्याऐंशी कशा? कुणी दोन टाकल्या का बघा. तेव्हा ती पुन्हा एकेक चिठ्ठी बघायला लागली. एकाच हाताच्या दोन खुणा दिसल्या तर पकडायच्या. कुणाची फुली, कुणाची बरोबरची खूण, कुणी चौकोन काळा केलेला. सतराच्या गठ्ठ्यातली अकरावी चिठ्ठी तिने उचलली आणि तिचा हात तिथेच थांबला.

चौकोनात एक छोटा गोल होता आणि त्याच्या पोटातून गेलेली एक आडवी रेघ.

ही खूण ती लहानपणापासून बघत होती. बॉयलरच्या रजिस्टरमध्ये दर तासाला दाब बरोबर असला की अण्णा अशी खूण करत. तेहतीस वर्षं केली, आणि मग हाताला वळणच पडलं. दूधवाल्याच्या खाड्याला कॅलेंडरवर हीच खूण, सिलिंडर आला की हीच, तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात सहीच्या बाजूलाही हीच. पहिल्या फेरीत अण्णांनी चिठ्ठी घेतलीच नव्हती. स्वतःच्या घरी पेटी न्यायची नाही म्हणून त्यांच्या दारात जोडीदारीण गेली होती, दोन्ही वेळा. या वेळी त्यांनी चिठ्ठी घेतली होती. ज्याने त्यांना बळीचा बकरा केला, त्यालाच त्यांनी खूण केली होती.

तिच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. सापडली का, असं साहेबांनी विचारलं. नाही, एक घर या वेळी वाढलं असेल, असं ती म्हणाली आणि चिठ्ठी गठ्ठ्यात परत ठेवली. डोकं दुखतंय म्हणून सांगून ती निघाली. वाटेत किराणावाल्याने दुकानातून हात हलवला, पण तिला तो दिसलाच नाही. कुणीतरी घरी आलं असणार. धमकी दिली असणार. नाहीतर अण्णांचं डोकंच फिरलं असणार. तिसरं कारण तिला सुचत नव्हतं.

अण्णा खिडकीजवळ स्टुलाचा हलणारा पाय ठोकत बसले होते, उजवा कान दाराकडे करून. ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“तुम्ही कारखानदाराला खूण केलीत, अण्णा.”

हातोडी थांबली. “चिठ्ठी गुप्त असते ना?”

“गोल आणि रेघ या गल्लीत दुसरं कोण काढतं?”

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. जणू त्यानेच चुगली केली होती. कोण आलं होतं, कुणी धमकावलं, असं तिने दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांनी स्टूल सरळ उभं केलं, हलवून पाहिलं आणि म्हणाले, “ती ओळ मी नंतर लिहिली, पोरी.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. एकच कान त्यांचा गेला होता. तिचे दोन्ही शाबूत होते.

मग अण्णा सांगत गेले, थांबून थांबून. त्या सकाळी व्हॉल्व्ह गळत होता. दाब टिकेना, रंगाच्या टाक्या गार पडायला लागल्या. मालक प्रचाराला गेलेला. त्याला कुणी फोन केला नाही, कुणी विचारलं नाही. अण्णांनी आपल्याच डोक्याने व्हॉल्व्ह तारेने बांधला. दोन तासांचा तर प्रश्न, संध्याकाळी सांगू. त्यांच्या हाताखालचा गडी, काकूंचा नवरा, म्हणाला होता की नको, बंद करू या. अण्णांनी त्याला गप्प बसवलं आणि स्वतः पाण्याचा पंप बघायला मागे गेले. पुढचं सगळ्या गावाला माहीत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात कानातून रक्त येत असताना रजिस्टर त्यांच्या काखेतच होतं, सवयीने. तिथे बसून त्यांनी ती ओळ लिहिली. कुणी विचारलंच तर हाताशी असावी म्हणून. मग ती दाखवायचीही छाती झाली नाही आणि जाळायचीही नाही. ती ट्रंकेत गेली.

“आणि मग मी नेली,” ती म्हणाली.

मला का विचारलं नाहीस, असं त्यांनी एका शब्दाने म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तरी?”

“अक्षर तुमचंच का, एवढंच विचारलं. अक्षर माझंच होतं.” त्यांनी कपाळ पुसलं. “घरी येऊन तुला सांगणार होतो. पण तू किती दिवसांनी गल्लीतून मान वर करून चालत होतीस. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. माणूस म्हणून तो मालक कसा आहे, देव जाणे. पण हे त्याने केलेलं नाही. माझ्या हातात एक चिठ्ठी होती, ती टाकली.”

ती खाटेवर बसली. अकरा वर्षं आकड्यांत काढलेलं डोकं, ते अशा वेळीही हिशेब सोडेना. बावन्नातले छत्तीस गेले होते आणि अण्णांनी एक परत टाकला होता. त्या छत्तिसांना कुणी फसवलं होतं? तिने. घरोघरी फिरून नाही, एकाच टेबलापर्यंत चालत जाऊन. तिला अण्णांचा भयंकर राग आला, आणि रागाइतकीच लाज वाटली, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती. कारण आता तुरुंगात कोण जाणार हे उघड होतं. अण्णा, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका कानाने.

गप्प बसणं सोपं होतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. ती ओळखायची नाही, असा तिच्या नोकरीचा नियमच होता. नियमाने पाहिलं तर तिला काहीच माहीत नव्हतं. परवा मतदान, तेरवा निकाल, कारखानदार पडणार, खटला वर्षानुवर्षं चालणार आणि अण्णा या खिडकीशी स्टुलं ठोकत म्हातारे होणार. हा विचार तिने पुरता करून पाहिला. हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे तिचं कौतुक करणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. खिडकीतून समोरचं दार दिसत होतं. दाराबाहेर काकूच्या नवऱ्याचे कामावरचे जाड बूट अजून तसेच ठेवलेले होते.

“शर्ट घाला,” ती म्हणाली. “आधी काकूंकडे. मग अधिकाऱ्यांकडे.”

अण्णांनी खुंटीवरचा शर्ट काढला. शर्टाची बटणं त्यांना लागेनात. तिने ती लावून दिली, गळ्यापर्यंत. मग दोघांनी रस्ता ओलांडला. तेवढा रस्ता तिने पेटी घेऊन कितीदा ओलांडला असेल, पण रिकाम्या हाताने तो आज फार रुंद वाटला.

काकूने दार उघडलं, अण्णांना बघून पदराला हात पुसले आणि आत या म्हणाली. अण्णा आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरच, खाली बघत, त्यांनी सगळं सांगितलं. तार सांगितली, ओळ सांगितली. आणि शेवटी, जे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तेही सांगितलं. “वहिनी, तो मला नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही.”

काकू दाराच्या फळीला धरून उभी होती.

“नको म्हणाला होता,” ती म्हणाली. आणि मग, “त्या सभेत चार हजार माणसांसमोर मी त्या मालकाला खुनी म्हणाले.”

अण्णांकडे तिने बघितलंच नाही. ती पेटीवालीकडे बघत होती, सरळ तोंडाकडे, जसं दारात आलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही.

“तू विचारत फिरतेस ना सगळ्यांना?” काकू म्हणाली. “मग आता तूच सांग, परवा मी मत कुणाला देऊ?”

अकरा वर्षांत हा प्रश्न तिने हजारो दारांत विचारला होता. तिला तो कुणी विचारला नव्हता. सवयीने तिची मान रस्त्याकडे वळायला लागली. तिने ती वळू दिली नाही.