चारशे बारा वाचनांची राखणदार

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेल एवढीशी, काळ्या पत्र्याचा अंगरखा ल्यालेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मला पाहून कोणी साबणाची पेटी समजते, कोणी औषधाची डबी. त्यांचा मला राग येत नाही. परंतु माझ्या पोटात चारशे बारा वेळा मोठ्याने वाचणारा एक मुलगा राहतो, आणि त्याच्यामुळेच माझ्या सामान्य आयुष्याला काही अर्थ प्राप्त झाला आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तेथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. कामगार नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत वावरत. त्यांनी माझ्या अंतरंगात आरशासारख्या लखलखीत चकत्या बसवल्या. त्या गरगर फिरतात आणि सुईसारखा एक बारीक हात त्यांच्यावर न टेकता लिहीत जातो. आमच्या जातीचे सारे सामर्थ्य त्या न टेकण्यातच आहे.

मला विकत घेतले ते ताईने. ती त्या वेळी औषधे देण्याचे शिक्षण घेत होती. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आतले औषध विषासमान, असे तिला शिकवले होते, म्हणून घरातील मिठाच्या बरणीवरही ती चिठ्ठी चिकटवी. तिचा भाऊ आठ वर्षांचा होता. त्याला सगळे धाकटा म्हणत. शब्द त्याच्या ओठांपर्यंत येत आणि दारात अडून बसत. एकदा वर्गात तो एकाच शब्दावर इतका वेळ थांबला की सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याने बोलणेच सोडले. भूक लागली की तो ताटाकडे बोट दाखवी.

तेव्हा ताईने एक युक्ती योजली. रोज सायंकाळी दोघे गच्चीच्या जिन्यावर बसत. तिच्या हातात आवाज टिपणारे छोटे यंत्र असे आणि धाकट्याच्या हातात वाचायला मिळेल ते काहीही. ताईने पहिल्याच दिवशी त्याला सांगितले होते, "अडलास तर अड. मला कुठे गाडी पकडायची आहे? आणि हे आपल्या दोघांशिवाय कोणी ऐकणार नाही." तिसरी मी होते, पण मला तोंड नसल्यामुळे माझी भीती कोणास वाटली नाही.

प्रत्येक वाचन ती माझ्यात आणून ठेवी आणि सवयीप्रमाणे चिठ्ठी लावी. '००१, साबणाचे वेष्टन'. '०४१, बसचे वेळापत्रक'. '११८, शेजाऱ्यांची लग्नपत्रिका'. त्या छोट्या यंत्राचे घड्याळ मात्र विसरभोळे होते. सेल बदलला की ते पुन्हा पहिल्या वर्षाच्या पहिल्या तारखेवर जाऊन बसे. ताईने ते कधी लावले नाही. तिचा भरवसा आपल्या क्रमांकांवर होता. ही लहानशी चूक पुढे केवढी उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक?

असे चार वर्षे चालले. धाकटा पुन्हा बोलू लागला. अडखळणे समूळ गेले नाही, परंतु त्याची भीती गेली. माझे तर फार कौतुक झाले. सहलींची छायाचित्रे, आईची गाणी, ताईच्या लग्नाचे चित्रण, सारे माझ्याच पोटात विसावले. पाहुणे आले की मला टेबलावर मानाने मांडत.

पण मित्रांनो, दिवस कोणाचेच सारखे राहत नाहीत. धाकटा मोठा होऊन चष्म्यांचे दुकान चालवू लागला आणि मी त्याच्या दुकानातील खणात, भिंगे पुसण्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली, नऊ वर्षे पडून राहिले. तेथून मला रोज एकच प्रश्न ऐकू येई. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत तो विचारी, "हे बरं की ते?" माझ्याविषयी मात्र कोणी काही विचारीत नसे.

मग टिकलीची गोष्ट घडली. टिकली म्हणजे धाकट्याची आठ वर्षांची मुलगी. तिचेही शब्द लहानपणापासून अडत. त्या वर्षी तिने शाळेत तोंड उघडणेच बंद केले. ही वार्ता कळताच ताई दुकानात आली आणि म्हणाली, "तुझी वाचनं ऐकव तिला." धाकट्याने मान फिरवली. आपणही असेच होतो, हे त्याने लेकीला कधी सांगितले नव्हते. तिचा बाबा दिवसभर अनोळखी माणसांशी बोलतो याचे तिला फार अप्रूप होते, आणि ते त्याला गमवायचे नव्हते.

ताईपुढे त्याचे फार चालले नाही. मला बाहेर काढून जोडले, तो माझ्या पोटातून टक् टक् आवाज येऊ लागला. वार्धक्य कोणास चुकले आहे? ताईने फर्मावले की हिच्यातले सगळे आजच क्लाउडवर चढवायचे. मी ते नाव ऐकून प्रथम बिचकले. नंतर कळले की ते काही आभाळ नव्हे. कुठल्यातरी दूरच्या इमारतीत माझ्याच भाऊबंदांच्या रांगा रात्रंदिवस फिरत असतात, आणि आपली ठेव त्यांच्याकडे सोपवायची असते.

जागा देणाऱ्या तीन कंपन्या ताईने निवडून आणल्या होत्या. धाकटा त्या भिंगांसारख्या पारखू लागला. पहिली दिसायला देखणी होती, पण आपल्या चिठ्ठ्या बाजूला सारून सारे काही तारखेप्रमाणे स्वतःच लावून टाकी. दुसरीत घरच्या संगणकावरून एखादी गोष्ट पुसली की तिकडचीही नाहीशी होई. तिसरी रूक्ष होती. तुम्ही ठेवाल तसे ठेवी, तुमच्या चिठ्ठ्यांना हात लावीत नसे आणि पुसलेलेही महिनाभर सांभाळी. धाकट्याला पहिली भावली, कारण नमुन्यादाखल चढवलेली आईची छायाचित्रे तिने फार सुंदर मांडली होती.

सर्व काही त्या पहिलीवर चढवून झाले. मग त्याने मनातले सांगितले. शेवटची दहा, न अडखळता केलेली वाचने तेवढी टिकलीला ऐकवायची आणि ठेवायची. बाकीची पुसून टाकायची. "ते रडके आवाज कशाला जपायचे, ताई? तिला धीर यायला हवा." ताईचा हात माझ्यावर येऊन थांबला. मित्रांनो, चार वर्षांचे कष्ट माझ्या टकटकीबरोबर संपणार होते.

टिकली उंच स्टुलावर येऊन बसली. धाकट्याने यादीतील सर्वांत शेवटच्या तारखेचे वाचन लावले. झऱ्यासारखे वाहते. ती ऐकतच राहिली. त्याने पुढचे लावले, आणि खोलीत एका मुलाचा आवाज एकाच अक्षरावर ठेचाळू लागला, थांबला, पुन्हा ठेचाळला. विसरभोळ्या घड्याळाने चार वर्षांची सरमिसळ करून ठेवली होती. धाकट्याने बंद करायला हात पुढे केला. टिकलीने तो धरला.

"हा कोण?"

"मी."

"आणि मघाचा?"

"तोही मीच."

तिने पुढचे लावायला खुणावले. ते पुन्हा वाहते निघाले आणि त्याच्या पुढचे पुन्हा अडखळते. मग हळूहळू, मध्ये दोनदा अडत, तिने विचारले, "बाबा, म्हणजे तू बरा झालास, परत अडलास, परत बरा झालास?"

तारखा चुकल्या आहेत, असे सांगायला ताईने तोंड उघडले होते. धाकट्याने तिला नजरेनेच थांबवले. त्याला बोलायचे होते आणि नेमका पहिलाच शब्द अडला. त्या दिवशी त्याने तो लपवला नाही.

"अ... अगदी तसंच झालं होतं. अजूनही होतं."

टिकली हसली. मग समोरच्या भिंतीवरील, डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता ती मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर अडली. कोणी तिला शब्द पुरवला नाही. दोघेही जिन्यावरच्या त्या जुन्या सायंकाळींसारखे वाट पाहत राहिले, आणि ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत पोहोचली. ताईने तिला न विचारता काही टिपले नाही. विचारल्यावर मात्र टिकलीने तक्ता दुसऱ्यांदा वाचला.

त्याच दिवशी धाकट्याने तिसरी, रूक्ष कंपनी निवडली. एकही वाचन पुसले नाही. ताईने आणखी एक प्रत नव्या डिस्कवर उतरवली, कारण तिच्या मते एकुलती एक बाटली घरात ठेवणे हा वेडेपणा होय. टिकलीच्या वाचनाला ती '००१' ही चिठ्ठी लावणार, असे मला वाटले होते. तिने लिहिले, '४१३, अक्षरांचा तक्ता'. माझ्या थकलेल्या चकत्यांवर उमटलेले ते अखेरचे अक्षर.

आता मी पुन्हा त्याच मऊ फडक्यात आहे. मित्रांनो, तुमची ठेव कोठे ठेवायची हे पारखून ठरवा. ती दोन ठिकाणी ठेवा, तिला नाव द्या, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून जोडून आम्ही जिवंत आहोत ना, ते पाहा. पण निवड करताना अडखळलेले तेवढे बाजूला काढू नका. ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसते. कालच मी खणातून ऐकले. टिकली आत्याला विचारीत होती की आजचा क्रमांक चारशे एकोणपन्नास ना, आणि शाळेत वाचलेला धडा त्यात धरायचा का.