स्यूखिमची शिकवणी

नव्या नावेतून सायगॉनच्या आमच्या गल्लीतला न्हावी इथे निर्वासितांच्या बेटावर उतरला आणि त्याने सांगितलं की माझी बायको स्यूखिम तापाने गेली. रडली ती थोआ, तेही चिनी बायकांसारखं छाती बडवून. छावणीतल्या बायका तिलाच पाणी द्यायला धावल्या.

थोआ चिनी नाही. तिथली आमची शेजारीण, अस्सल व्हिएतनामी. पण आम्ही निघालो त्या वर्षी तिथल्या सरकारला आम्ही चिनी लोक नको झालो होतो आणि बंदरातून फक्त चिन्यांनाच सोडत होते. तिलाही जायचं होतं, म्हणून तिने चिनी नावाचे कागद करून घेतले. तिला चिनी करायचं काम स्यूखिमने घेतलं.

"व्हिएतनामी वाकडी बोल. काही विचारलं की आधी 'आँ?' म्हण."

"मग?"

"मग परत 'आँ?' म्हण. साहेबच कंटाळतो."

"वहिनी, तुम्ही तर माझ्याहून सरळ बोलता."

"मला शिकवू नकोस. वाडगं तोंडाशी धर. वाकून खातेस, गाय आहेस का?"

स्यूखिमच्या घरची ही तिथली चौथी पिढी. ती बाजारात मासे विकायची. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

बंदरावर माझे कागद आधी पाहिले, मी नावेत चढलो. मग थोआ. दोनदा "आँ?" म्हणाली आणि सुटली. नावेच्या फळीवर पाय ठेवते तोच एका शिपायाने तिला ढकललं. झालं! रांगेतून स्यूखिमने त्याला मासळीबाजारातल्या व्हिएतनामी शिव्या सुरू केल्या त्या थेट त्याच्या आजीपर्यंत नेल्या. सगळी रांग हसली. कागद तपासणारा अधिकारी तर पोट धरून हसला.

"अशा शिव्या चिनी बाईला येत नाहीत," तिचे कागद परत देत तो म्हणाला. "तू आमचीच. घरी जा."

चार पिढ्यांत पहिल्यांदाच तिला कोणी आपलं म्हटलं.

मी फळीकडे धावलो. ती धक्क्यावरून ओरडली, "अहो, खाली उतरलात तर तंगडी मोडीन! येते मी पुढच्या नावेने. तोवर वाकडं बोलायला शिकते."

मी उतरलो नाही.

न्हाव्याच्या नावेतून आमची उरलेली सगळी गल्ली इथे आली. आपल्या माणसांची थडगी झाडायचा आमचा चिनी सण मागच्या आठवड्यात झाला. तिकडे तिचं थडगं झाडायचं राहिलं आहे.