तक्रारशून्य काउंटी

लाईल ट्वेट हा ओस्टबी काउंटीच्या रस्तेखात्याचा मुख्य. अमेरिकेत मिनेसोटाच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपून खडी सुरू होते, तिथले साडेतीनशे मैलांचे कच्चे रस्ते त्याच्या जिवावर. एकोणीस वर्षांत त्याच्या खात्याविरुद्ध एकही लेखी तक्रार आली नव्हती. हे तो न विचारता सांगायचा, आणि विचारलंच कुणी तर दोनदा सांगायचा.

मार्चमध्ये राज्याच्या राजधानीतून पाकू वांग नावाची बाई आली. सरकारी योजनांचा लोकांना खरोखर उपयोग होतो का, हे तपासणं हे तिचं काम. बाई तरुण, हुशार आणि एकदम सरळ.

"तुमच्याकडे दोन ग्रेडर आहेत," ती म्हणाली. ग्रेडर म्हणजे रस्त्याची खडी घासून सपाट करणारं ते लांबलचक पिवळं धूड. "उत्तर भागातून तक्रारी शून्य. म्हणजे तिथे गरज नाही. शेजारच्या काउंटीत चारशे तक्रारी आहेत. उत्तरेचा ग्रेडर तिकडे द्यावा, अशी माझी शिफारस जाईल."

"अहो बाई, तक्रार नाही, कारण काम चोख होतं."

"ते कशावरून?"

"तक्रार नाही, त्यावरून."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते लाईलच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान लाल झाले. पाकू मात्र हसली नाही. "काम चोख असलं तरी शून्य, गरज नसली तरी शून्य," ती म्हणाली. "माझ्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. पंधरा मेला जाहीर सुनावणी आहे. तोवर मला काहीतरी दाखवा."

उत्तरेचा ग्रेडर गेला असता तर त्याच्याबरोबर मार्लिस हाउगेनची नोकरी गेली असती. मार्लिस बावीस वर्षं ते धूड चालवत होती. वय अठ्ठावन्न, पेन्शनला चार वर्षं बाकी, आणि जीभ ग्रेडरच्या पात्याइतकी धारदार.

"तुझं ते शून्य फ्रेम करून घे," ती लाईलला म्हणाली, "आणि माझ्या निरोप समारंभाला घेऊन ये."

"मी तक्रारी गोळा करतो की."

"कुणाकडून? या लोकांकडून?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. या लोकांची काय तऱ्हा सांगावी? घराला आग लागली तरी बंबवाल्यांना आधी विचारतील, तुमचं जेवण झालंय ना. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी असते. बशीत शेवटची लिंबाची वडी उरली की तिला कुणी हात लावत नाही. एक जण अर्धी कापून घेतो, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी, आणि शेवटी नखाएवढा तुकडा बशीत वाळत पडतो, पण संपवल्याचा आळ कुणी घेत नाही. असल्या माणसांनी सरकारदरबारी तक्रार करायची म्हणजे झालंच.

तरी लाईलनं तक्रारीचे साठ अर्ज छापले आणि त्याच तळघरात कॉफीच्या किटलीशेजारी ठेवले. चौदा भरून आले. एकात लिहिलं होतं, "रस्ता उत्तम. पुलाजवळ गाडी जरा उडते, पण त्यानं झोप उडते हे बरंच." दुसऱ्यात, "खड्डा आहे, पण आता तो आमच्या ओळखीचा झालाय. मार्लिसला नमस्कार." तिसऱ्यानं अर्ज कोरा ठेवून मागच्या बाजूला भोपळ्याच्या केकची कृती दिली होती.

आठवड्यानं पाकूचा फोन आला. "अर्ज मिळाले. चौदाच्या चौदा 'समाधानी' या खान्यात गेले."

लाईलनं कपाळाला हात लावला. मग त्याच्या डोक्यात जे आलं ते कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नसतं. त्यानं मार्लिसला सांगितलं, "दहा दिवस ग्रेडर बाहेर काढू नकोस. रस्ता बिघडू दे. बिघडला की बोलतील."

"तुला वेड लागलंय," मार्लिस म्हणाली, पण किल्ली खिशात टाकून घरी गेली.

नवव्या दिवशी लाईल उत्तरेकडे पाहायला गेला, तर रस्ता गुळगुळीत. शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरला लोखंडी पाटे बांधून आपापल्या फाटकापासून शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत खडी सारखी केली होती. तिथून तो मार्लिसकडे गेला. तिच्या ओट्यावर भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याची, म्हणजे इथल्या हॉटडिशची, पाच भांडी मांडलेली.

"ग्रेडर दिसला नाही म्हणजे मी आजारी असणार, असं त्यांना वाटलं," मार्लिस म्हणाली. "पाचही जणी लवकर बरी हो म्हणून गेल्या. मला खोकून दाखवावं लागलं. आणि हे त्या राजधानीवालीला कळलं ना, तर एक सोड, दोन्ही ग्रेडर घेऊन जाईल."

लाईलचं तोंड चिमणीएवढं झालं. मार्लिसनं त्याला त्यातलं एक भांडं बळेच दिलं.

पंधरा मेला सभागृह भरलं. सगळा उत्तर भाग आला होता. एकेक जण उठून सांगू लागला, मार्लिस किती छान, लाईल किती सज्जन, रस्ते किती सुरेख. लाईल पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. प्रत्येक गोड शब्दाबरोबर ग्रेडर एकेक मैल लांब जात होता.

पाकूनं शेवटचं विचारलं, "या रस्त्यामुळे कुणालाही, कधीही, काहीही त्रास झालाय का?"

सगळे आपापल्या बुटांकडे पाहायला लागले. मग मागच्या रांगेतून सोल्वेग ओडेगार्ड उभ्या राहिल्या. वय एक्याऐंशी. लाईलला तिसरीत त्यांनीच शिकवलं होतं.

"ही तक्रार नाही हं," त्या म्हणाल्या. "नुसतं सांगते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ वितळून आमचा रस्ता पार पातळ झाला होता. त्यात आमच्या यांच्या, ऑर्विनच्या, छातीत कळ आली. रुग्णवाहिका मैलभर अलीकडेच रुतली. मग शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या पुढच्या खोऱ्यात गादी घालून यांना तिथवर नेलं."

"हवा छान होती पण," शेजारी बसलेले ऑर्विन म्हणाले. "उंचावरून सगळं दिसत होतं."

"तुम्ही गप्प बसा. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर कठीण होतं."

लाईल उभा राहिला. "मिसेस ओडेगार्ड, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार रे? तू ते शून्य एवढ्या कौतुकानं सगळ्यांना सांगतोस. ते आपल्या हातानं मोडावं असं कुणाला वाटेल? गावात सगळेच जपतात ते."

लाईलला भयंकर लाज वाटली. एकोणीस वर्षं जिला तो आपली कमाई समजत होता, ती लोकांनी त्याच्यावर केलेली दया होती, आणि तिच्यापायी एक म्हातारा जिवाला मुकता मुकता राहिला होता. तो पुढे गेला, पाकूच्या टेबलावरून कोरे अर्ज उचलले आणि खुर्ची ओढून बसला.

"ओडेगार्ड, उत्तरेचा चौथा रस्ता," तो मोठ्यानं म्हणत लिहू लागला. "रुग्णवाहिका पोचू शकली नाही. तेरा महिने झाले, खात्यानं काहीही केलेलं नाही." मग तो लोकांकडे वळला. "मी हात जोडतो. माझी समजूत काढणं आता पुरे करा. रांग लावा."

लोक एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणू लागले. मग पुलाजवळचा एक जण उठला, म्हणाला, "तसं फार काही नाही, पण गाडीचा आस दोनदा मोडलाय." त्याच्यामागे एक बाई उठली. मग रांग दारापर्यंत गेली. शाळेची बस कुठे एका बाजूला कलते, पावसात कुणाच्या अंगणात ओहोळ शिरतो, दूधवाला कुठून परत फिरतो, सगळं बाहेर आलं. प्रत्येक जण आधी माफी मागत होता आणि मग पाच मिनिटं थांबत नव्हता.

तिसाव्या अर्जानंतर पाकूनं वही मिटली. "ग्रेडर इथेच राहील," ती म्हणाली. "तशीच शिफारस जाईल. पण ट्वेट, यंदाच्या यादीत तुमचं खातं राज्यात खालून तिसरं येणार."

"खालून तिसरं का होईना, यादीत तर आलो," मार्लिस म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. तिला रडताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

लाईलचं मात्र लिहिणं थांबलं नव्हतं. बोटं आखडली होती, मान वर करायलाही फुरसत नव्हती. शेवटचं माणूस टेबलाशी येऊन उभं राहिलं.

"रस्ता कुठला?" त्यानं विचारलं.

"आपल्या घराचा," त्याची बायको करीन म्हणाली. "सहा वर्षं झाली."