काळ्या केबलचा बोल्ट

रामरावांनी पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं डिझेल उकंडाच्या नाकाजवळ नेलं.

"घे वास. रॉकेल हाय का नाई, सांग."

उकंडाने वास घेतला नाही. पांढरकवड्याच्या हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं आणि अशा बाटल्या घेऊन येणारे मालक त्याने पुष्कळ पाहिले होते.

"गाडीले काय होते, ते सांगा पह्यले."

"उभी केली का थरथरते. लाइट मंद होते. डिझेल इकून रॉकेल टाकलं ह्यानं, आनखी काय?"

"रॉकेलानं इंजिन थरथरन, भाऊ. लाइट कायले मंद होईन?"

रामरावांनी बाटली काही खाली ठेवली नाही.

लखन ट्रकच्या दाराला पाठ टेकून उभा होता. पाच वर्षं तो हा ट्रक चालवत होता, आणि काल संध्याकाळी मालकाने चार माणसांत त्याला चोर म्हटलं होतं. सकाळी मालक लखनच्या बंजारा तांड्यावर गेले आणि तिथले नाईक हरिसिंग यांनाच सोबत घेऊन आले. तांड्यातल्या माणसावर आळ आला की नाइकाने शहानिशा करायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, अशी रीत होती. हरिसिंग आज काय बघून परततात, त्यावर सारं होतं. आळ खरा ठरला असता, तर लखनच्या हातात पुन्हा कोणी किल्ली दिली नसती. तांड्यात आणखी सहा ड्रायव्हर होते, त्यांच्याही टाक्यांत उद्यापासून लोकांनी काड्या घालून पाहिल्या असत्या.

हरिसिंग बाकड्यावर काठी धरून बसले होते.

"आमचे पणजे बैलायवर मीठ लादून हैद्राबादेकडं नेत," ते शांतपणे म्हणाले. "माल दुसऱ्याचा, बैल आमचे. तवा बाटली घेऊन कोणी मांगं नाई लागलं, रामरावजी."

"तवाची गोष्ट तवा गेली, नाईक."

उकंडाने लखनला गाडी चालू करायला सांगितली. इंजिन सुरू झालं आणि ताप भरल्यासारखं हुडहुडू लागलं. हेडलाइट लावले तेव्हा शेडच्या मागच्या पत्र्यावर पिवळट डाग पडला. हॉर्न दाबला तर तो डागही विझत आला आणि अख्खी केबिन हलली.

"पाहा," रामराव म्हणाले.

"पाहूनच राह्यलो."

उकंडाने बॅटरीला मीटर लावलं. बॅटरी चांगली होती. अल्टरनेटरही चार्ज देत होता, पट्टा ताणलेला होता. मग मीटरची एक तार त्याने बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. आकडा त्याने दोनदा पाहिला.

"इथं शून्याच्या जवळपास पाह्यजे. इथं तर दीड वोल्ट खाऊन राह्यला कोणी."

"कोण?" रामरावांनी विचारलं, आणि लखनकडे पाहिलं.

उकंडाने एक जाड जोडतार आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर चिमट्याने अडकवलं, दुसरं इंजिनवर. पत्र्यावरचा डाग पांढरा झाला. इंजिनाची थरथर एका दमात थांबली. हॉर्न दाबला, काही हललं नाही. टाकीतलं डिझेल तेच होतं.

लखनने पहिल्यांदा मान वर केली. रामराव बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

"बॅटरीचा करंट चेसिसवरून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून वापस येते," उकंडा म्हणाला. "ते वाट बंद झाली. कॉम्प्युटरवाली गाडी, तिले पुरा करंट नाई भेटला का इंजिन असंच लटपटते."

त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि जाड काळ्या केबलचा चेसिसवरचा बोल्ट खोलला. केबलच्या टोकाखाली लोखंड नव्हतं. हिरवा रंग होता. गुळगुळीत, दोन हातांचा, चुकूनही ओघळ न आलेला.

"रंगातून करंट जात नाई. हे कोणं केलं?"

लखन पुढे येऊन त्या बोल्टावर वाकला.

"गोप्या पेंटरनं," रामराव म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. "पोयाच्या टायमाले मांगच्या फाळक्यावर वेलबुट्टी काढाले बलावलं होतं त्याले." त्यांनी फोन लावूनही टाकला. "काबे गोपाल? गाडीची वाट लावली तू मायी. कोणाच्या सांगण्यावरून लावला रंग? बोल ना. चोट्टे हा तुमी सारे, खाल्ल्या घरचे…"

"मी लावला," लखन म्हणाला.

रामरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य अर्धं ठेवून फोन कापला.

चार वर्षांपूर्वी रामरावांनी बैलजोडी विकली होती. तेव्हापासून पोळ्याला त्यांच्या घरून तोरणाखाली ट्रक उभा राहत असे आणि गड्याचा मान लखनला मिळे. घरच्यांच्या आधी त्याला पुरणपोळी, अंगावर नवं कापड. यंदा शिंगांचा रंग आणून त्याने गाडीचे सगळे गंजलेले कोपरे खरवडले होते. या बोल्टावर गंज फार होता. केबल काढून, लोखंड घासून त्याने तिथे दोनदा रंग दिला होता आणि वाळल्यावर केबल परत कसली होती.

"शिंगाले लावतो तसा लावला," तो म्हणाला. "मले नव्हतं मालूम. चूक मायी हाये."

रामराव मोकळे हसले.

"मंग सांगाचं ना, लेका! म्हणजे चोर नाई, येडा हायेस. चाल, बस. खताचा माल उतरवाचा हाय."

"गोपालले काहून शिव्या देल्या?"

"अबे, मले काय मालूम होतं?"

"मले चोर म्हटलं तवाही मालूम नव्हतं."

रामरावांनी घड्याळ पाहिलं. "तो काही मनावर घेत नाई."

उकंडाने रंग घासून लोखंड लख्ख केलं आणि बोल्ट कसला. लखन केबिनमध्ये चढला, त्याने गाडी चालू केली. इंजिन एका सुरात चालू लागलं. तेवढ्यात रामरावांचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव पाहून त्यांनी तो खिशात घातला.

"गोपाल हाय. या आवाजात काही आयकू येत नाई. मंग बोलीन."

लखनने किल्ली मागे फिरवली. इंजिन थांबलं.

शेडमध्ये आता फक्त खिशातला फोन वाजत होता. लखन खाली उतरला नाही; किल्ली तशीच धरून तो रामरावांच्या खिशाकडे पाहत राहिला. हरिसिंग काठी घेऊन बाकड्यावर जरा सरकले आणि त्यांनी रामरावांना बसून बोलायला जागा करून दिली.